पालकाचे पान काय सांगते?

भोक दिसले की जुडी परत टाकायची आणि कुंडीतल्या पालकावर डाग दिसला की औषध फवारायचे, ही बहुतेक घरांतली सवय. पण भोक निराळे, डाग निराळा आणि पिवळेपणाही निराळा. पान नीट पाहायला शिकले तर पैसा वाचतो, भाजी वाचते आणि पोटात नको ते जाणेही टळते.

वाराणसीच्या मुन्शी घाटाचे नाव ऐकून तो मराठी माणसाला परका वाटेल. पण त्याचे नाते थेट नागपूरशी आहे. नागपूर संस्थानचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी तो बांधला, म्हणून तो मुन्शी घाट. पुढे त्याचा काही भाग दरभंग्याच्या महाराजांकडे गेला आणि दरभंगा घाट म्हणून ओळखला जाऊ लागला. दुसऱ्या बाजूला अहल्याबाई होळकरांच्या नावाचा घाट आणि तिथून चार पावलांवर दशाश्वमेध. काशीला आलेला मराठी यात्रेकरू या पायऱ्यांवरून एकदा तरी जातोच. पायऱ्या चढून तो वर गल्लीबोळांत आला की देवळांबरोबर त्याला भाजीच्या टोपल्याही दिसतात, आणि थंडीच्या दिवसांत त्यांत हिरवागार पालक असतो.

समजा, नागपूरहून आलेली एखादी भाची काशीतच संसार केलेल्या आपल्या मावशीबरोबर सकाळी भाजी आणायला निघाली आहे. भाची एक जुडी उचलते, उलटसुलट करून पाहते आणि परत ठेवते.

"ही नको मावशी. पानांना भोकं आहेत."

"अगं, म्हणूनच घ्यायची," मावशी म्हणते. "अळीने खाल्लंय म्हणजे औषध मारलेलं नाही. अळीला चाललं ते आपल्यालाही चालतं."

"आणि हे लालसर ठिपके?"

मावशी क्षणभर थांबते. "तेही किडीचेच असतील. धुतले की झालं."

असा संवाद काशीतच कशाला, पुण्याच्या मंडईत आणि नागपूरच्या बाजारातही रोज घडतो. यात दोघींचेही म्हणणे अर्धेच बरोबर आहे. भोकाचे पान वाईटच असते असे नाही, हे मावशीचे खरे. पण भोक आहे म्हणजे औषध मारलेले नाही, हे मात्र खरे नाही. कारण शेतकरी पुष्कळदा अळी दिसल्यानंतरच फवारतो. भोक आधीचे असते आणि औषध नंतरचे. लाल कडेचे ठिपके तर किडीचे नव्हेतच. तो बुरशीचा रोग आहे आणि त्याच्यावर कीटकनाशक ओतले तर एकही ठिपका कमी होत नाही.

पालकाच्या बाबतीत ही चूक महागात पडते. टोमॅटो, वांगे, भेंडी यांचे आपण फळ खातो. पालकाचे पानच खातो. ज्या पानावर फवारा बसतो तेच पान ताटात येते. शिवाय हे पीक झटपट येणारे. पेरल्यापासून महिन्याभरात पहिली कापणी आणि नंतर दर पंधरावीस दिवसांनी पुढची. फवारणी आणि कापणी यांच्यामध्ये औषधाचा अंश ओसरायला वेळच उरत नाही. म्हणून पालकावर काही मारण्याआधी झाले आहे तरी काय, हे ओळखणे महत्त्वाचे.

आपला पालक बिटाचा भाऊ

पहिली गोष्ट म्हणजे आपण ज्याला पालक म्हणतो तो बहुधा इंग्रजी पुस्तकातला पालक नसतो. परदेशी पुस्तकांत वर्णन केलेली वनस्पती म्हणजे विलायती पालक. तिचे शास्त्रीय नाव स्पायनेशिया ओलेरेशिया. भारतातल्या बहुतेक शेतांत होणारा देशी पालक मात्र बीटा व्हल्गॅरिस या जातीचा, म्हणजे बिटाचा सख्खा भाऊ आहे. 'ऑल ग्रीन', 'पुसा ज्योती', 'पुसा हरित', 'जोबनेर ग्रीन' हे आपल्याकडे प्रसिद्ध असलेले वाण याच देशी पालकाचे.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. भावाभावांची दुखणीही सारखी असतात. बिटाच्या पानावर पडणारे बुरशीचे ठिपके देशी पालकावरही पडतात. त्यामुळे परदेशी पुस्तकातले चित्र पाहून घरच्या पालकाचा रोग ठरवायला गेले तर गल्लत होण्याचा संभव असतो. तसेच ज्या वाफ्यात गेल्या हंगामात बीट होते तिथे लगेच पालक पेरणे शहाणपणाचे नाही.

पान कसे पाहावे?

डॉक्टर नाडी पाहतो, जीभ पाहतो आणि मग चार प्रश्न विचारतो. पानाचेही तसेच आहे. एखादे साधे भिंग हाताशी असले तर उत्तम. नसले तरी पुढील पाच गोष्टी डोळ्यांनीच कळतात.

पहिली, त्रास जुन्या पानांवर आहे की कोवळ्या? रोपाच्या बाहेरच्या बाजूची पाने जुनी आणि मधली कोवळी.

दुसरी, पान उलटे करून पाहिले का? मावा, कोळी, अळीची अंडी आणि केवडा रोगाची बुरशी ही सारी मंडळी पानाच्या खालच्या बाजूला दडलेली असतात. वरून पाहणाऱ्याला ती दिसतच नाहीत.

तिसरी, डागाची कड कशी आहे? रेखीव, गोल आणि रंगीत कड असेल तर बुरशीचा संशय घ्यावा. कुरतडल्यासारखी वेडीवाकडी कड असेल तर ते दात कुणाचे, हे शोधावे.

चौथी, पान उजेडासमोर धरले तर काय दिसते? पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये लपलेली अळी अशीच सापडते.

पाचवी, त्रास एका रोपाला आहे, एका कोपऱ्याला आहे की सगळ्या वाफ्याला सारखाच? कीड आणि रोग बहुधा एका ठिकाणी सुरू होऊन पसरतात. सगळीकडे एकदम, एकसारखा बिघाड दिसला तर खत, पाणी किंवा हवामान यांच्याकडे पाहावे.

खाणारे आणि शोषणारे

पालकावरच्या किडींचे दोन सरळ गट पडतात. एक गट पान खातो, दुसरा पानातला रस शोषतो.

खाणाऱ्यांमध्ये सर्वांत खादाड म्हणजे तंबाखूवरील पाने खाणारी अळी, शास्त्रज्ञांची स्पोडोप्टेरा. नावात तंबाखू असला तरी तिला पालकही तितकाच आवडतो. हिची मादी पानावर पुंजक्याने अंडी घालते आणि त्यावर तपकिरी केसांचे आवरण घालते. अंड्यांतून निघालेल्या बारीक अळ्या सुरुवातीला एकत्र राहून पानाचा हिरवा भाग खरवडतात. असे पान जाळीदार, कागदासारखे पांढुरके दिसते. ते दिसताच तोडून टाकले तर शेकडो अळ्या एका झटक्यात जातात. आठवडाभर दुर्लक्ष झाले की अळ्या मोठ्या होऊन पांगतात. मग त्या दिवसा मातीत, पाचोळ्यात लपतात आणि रात्री खातात. सकाळी भोके दिसतात पण चोर दिसत नाही. अशा वेळी पानावर पडलेली काळी विष्ठा हीच चोराची खूण. संध्याकाळनंतर बॅटरी घेऊन गेले की चोर रंगेहाथ सापडतो.

दुसरी अळी पाने गुंडाळणारी. ही हिरवी, चपळ असते आणि रेशमी धाग्यांनी पान दुमडून आत बसते. राजगिरा आणि माठावरही ती येते. गुंडाळलेले पान उलगडले की ती वळवळत खाली पडते.

टाचणीने टोचल्यासारखी बारीक गोल भोके सगळ्या पानभर दिसली तर ते उड्या मारणाऱ्या छोट्या भुंगेऱ्यांचे काम असते. मोठी, वेडीवाकडी भोके आणि त्याबरोबर चकचकीत चिकट रेघ दिसली तर रात्री गोगलगाय येऊन गेली असे समजावे.

तिसरा प्रकार नागअळीचा. पानावर नागमोडी पांढऱ्या रेघा किंवा फुगलेले पांढरट चट्टे दिसतात. लोकांना वाटते पान भाजले. ते उजेडासमोर धरावे. आत बारीक अळी आणि तिच्या मागे काळ्या विष्ठेची रेघ दिसते. एका बारीकशा माशीची ही अळी पानाच्या आतच राहते, त्यामुळे वरवरच्या फवाऱ्याचा तिला विशेष त्रास होत नाही. अमेरिकेतून आलेली नागअळीची एक जात १९९० च्या सुमारास भारतात शिरली आणि पुष्कळ भाज्यांवर पसरली. घरच्या कुंडीत तिच्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रेघांची पाने तोडून नष्ट करणे.

शोषणाऱ्यांमध्ये अग्रमान माव्याला. हिरवट किंवा काळसर, टाचणीच्या डोक्याएवढे हे किडे पानाखाली आणि कोवळ्या गाभ्यात दाटीवाटीने बसतात. पाने मुरडतात, चिकट होतात आणि त्या गोड चिकट्यावर काळी बुरशी चढते. रोपावर मुंग्यांची ये-जा वाढली तर पान उलटून पाहावे. मुंग्या पालक खात नाहीत, त्या माव्याचा गोड रस प्यायला आलेल्या असतात. मावा केवळ रस शोषत नाही तर विषाणूही एका रोपावरून दुसऱ्यावर नेतो. ज्या रोपाच्या पानावर हिरव्यापिवळ्या रंगाची नक्षी उमटते आणि पान सुरकुतते, त्याला असा विषाणू लागलेला असण्याचा संभव असतो. यावर औषध नाही. रोप मुळासकट उपटून टाकावे.

उन्हाळ्यात पान निस्तेज होऊन त्यावर असंख्य फिके ठिपके दिसू लागले तर पानाखाली कोळी शोधावेत. पानाखाली पांढरा कागद धरून पान हलके झटकावे. कागदावर पडलेले धुळीचे कण चालू लागले की निदान झाले.

बुरशीची सही

आता त्या भाचीच्या लाल ठिपक्यांकडे वळू. देशी पालकावरचा हा सर्वांत ओळखीचा रोग. त्याला कारण होणारी बुरशी सर्कोस्पोरा. ठिपके लहान आणि गोल असतात, मध्यभाग राखाडी आणि कड लालसर तपकिरी किंवा जांभळट. जणू कुणी लाल पेनाने वर्तुळ काढून आत राख भरली आहे. पुढे मधला भाग वाळून गळतो आणि तिथे भोक पडते. इथेच फसगत होते. हे भोक अळीचे समजून कीटकनाशक मारले जाते. अळीच्या भोकाला लाल कड नसते, एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी एक फवारणी वाचते.

हा रोग आधी बाहेरच्या जुन्या पानांवर येतो. उबदार आणि दमट हवा त्याला मानवते. पाऊस किंवा झारीचे पाणी पानावर आपटले की त्याबरोबर बुरशीचे बीजाणू शेजारच्या पानावर उडतात. म्हणून पाणी पानांवर न घालता मुळाशी घालावे आणि तेही सकाळी, हा साधा नियम पुष्कळ काम करतो. बुरशी पडलेल्या पाचोळ्यात टिकून राहते, तेव्हा रोगट पाने वाफ्यातच कुजत ठेवू नयेत. दोनतीन वर्षे त्या जागी पालक किंवा बीट न लावणे हा शेतातला जुना आणि खात्रीचा उपाय.

थंडीत, धुके पडते तेव्हा केवडा दिसतो. पानाच्या वर पिवळसर फिके चट्टे आणि उलट बाजूला नेमके त्याच जागी राखाडी जांभळट लव. वरचा चट्टा आणि खालची लव ही जोडी दिसली की केवडाच समजावा. पानावर पिठी भुरभुरल्यासारखा पांढरा थर असेल आणि तो बोटाने पुसला जात असेल तर ती भुरी.

बी उगवले, दोन पाने आली आणि एके सकाळी रोपे जमिनीलगत मऊ पडून आडवी झाली, असेही होते. याला रोपे कोलमडणे म्हणतात. जमिनीतल्या बुरशीचे हे काम. दाट पेरणी आणि साचलेले पाणी तिला आमंत्रण देतात. एकदा आडवे झालेले रोप उभे राहत नाही. उपाय पेरणीआधीच करायचा. बी विरळ पेरावे, कुंडीचे भोक मोकळे ठेवावे आणि एक किलो बियाण्याला ४ ग्रॅम या प्रमाणात ट्रायकोडर्मा चोळावे. घरच्या मूठभर बियांना चिमूटभर पुरेसे होते.

रोग नव्हे, उपासमार

पिवळे पान म्हणजे रोग, असे समजून औषधाच्या दुकानात धावणारे पुष्कळ. पण पानावर ना ठिपका, ना लव, ना किडा आणि तरीही पिवळेपणा असेल तर रोप बहुधा उपाशी असते. जुनी पाने सारखी पिवळी पडून रोप खुरटले असेल तर नत्र कमी पडले आहे. प्रत्येक कापणीबरोबर पालक जमिनीतले नत्र उचलून नेतो, तेव्हा कापणीनंतर खत दिलेच पाहिजे. कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसल्या तर लोहाची कमतरता समजावी. चुनखडीच्या जमिनीत हे हमखास होते. आणि माती सतत ओली राहत असेल तर खत असूनही मुळे ते घेऊ शकत नाहीत. तिथे औषध एकच, पाणी कमी करणे.

शहरात आणखी एक अदृश्य कारण असते, हवा. वाहनांच्या धुरातील वायूंवर ऊन पडून जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि तो पानांना इजा करतो. काशी हिंदू विद्यापीठातील संशोधकांनी यासाठी पालकच निवडला. ओझोनपासून संरक्षण देणारे एक रसायन काही रोपांना देऊन ती न दिलेल्या रोपांशी ताडून पाहिली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात संरक्षण मिळालेली रोपे सरस ठरली. म्हणजे कधीकधी पालक आजारी नसतो, त्याच्याभोवतीची हवा आजारी असते.

औषधाच्या आधी

काशीच्या गल्लीत गच्चीवर भाजी लावणाऱ्याला विचारले तर तो पहिला शत्रू माकड सांगेल. त्यावर जाळी हाच उपाय. बाकीच्या शत्रूंसाठी मात्र पायऱ्या ठरवून घ्याव्यात.

आधी हात. अंड्यांचे पुंजके, गुंडाळलेली पाने, नागअळीच्या रेघांची पाने वेचून काढावीत. आठदहा कुंड्यांसाठी याहून प्रभावी साधन नाही.

मग पाणी. माव्यावर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या खालून मारला तर निम्मे काम होते. उरलेल्यांवर अगदी सौम्य साबणाचे पाणी फवारून थोड्या वेळाने साध्या पाण्याने धुवावे. ढालकिडा आणि त्याच्या काळपट, काटेरी अळ्या दिसल्या तर त्यांना मारू नये. त्या माव्यावरच जगतात.

त्यानंतर निंबोळी. ५० ग्रॅम निंबोळीचा गर कुटून रात्रभर पाण्यात भिजवावा, सकाळी गाळून त्याचे एक लिटर पाणी करावे आणि त्यात साबणाचे थोडे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे. हा ५ टक्के अर्क कोवळ्या अळ्यांवर आणि माव्यावर चांगला चालतो. मोठ्या अळ्यांवर त्याचा प्रभाव कमी, म्हणून वेळेवर ओळखण्याला महत्त्व. पांढरी माशी, मावा आणि नागअळीची माशी यांच्यासाठी पिवळे चिकट सापळे लावता येतात. हे प्राणी पिवळ्या रंगाकडे ओढले जातात.

रासायनिक औषधाची पाळी सर्वांत शेवटी आणि तीही जाणकाराला नमुना दाखवूनच. वाराणसीजवळ शहंशाहपूर येथे भारतीय भाजीपाला संशोधन संस्था आहे. भाजीपाल्याचे हे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९२ मध्ये दिल्लीहून इथे आले आणि १९९९ मध्ये त्याला संस्थेचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठे आणि जिल्ह्याजिल्ह्यातली कृषी विज्ञान केंद्रे हे काम करतात. नमुना नेताना एकच पान नेऊ नये. मुळासकट एक रोगट आणि एक निरोगी रोप कोरड्या कागदात गुंडाळून त्याच दिवशी न्यावे. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीत ते कुजते आणि मग खरा रोग कोणता हे कळत नाही.

औषधाच्या डब्यावरचा चौकोनही पाहावा. त्यातला लाल रंग अत्यंत विषारी, पिवळा फार विषारी, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य अशी खूण सांगतो. कोणत्या पिकावर ते चालते आणि फवारणीनंतर किती दिवस थांबायचे हेही तिथे छापलेले असते. पिकांच्या यादीत पालेभाजीचे नाव नसेल तर ते औषध पालकासाठी नाही. शेजारच्या कपाशीवर चालले म्हणून पालकावर मारणे हा धोका आहे. मोनोक्रोटोफॉसवर भाजीपाल्यासाठी केंद्र सरकारने २००५ मध्येच बंदी घातली, ती याच कारणाने.

जे पान सांगत नाही

इथवर वाचून वाटेल की पान सगळेच सांगते. तसे नाही, आणि याचा पुरावा वाराणसीच्याच पालकाने दिला आहे.

काशी हिंदू विद्यापीठाचे राजेशकुमार शर्मा आणि मधुलिका अग्रवाल यांनी ब्रिटनच्या फिओना मार्शल यांच्याबरोबर वाराणसीच्या उपनगरांतल्या तीन जागी पालकाचा अभ्यास केला. तिथली शेते प्रक्रिया केलेल्या किंवा न केलेल्या सांडपाण्यावर भिजत होती. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात दर महिन्याला पाणी, माती आणि 'ऑल ग्रीन' पालकाची पाने तपासली गेली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष विचार करायला लावणारे होते. पाण्यात कॅडमियम सोडले तर बाकीचे जड धातू मर्यादेच्या आत होते. मातीतले सरासरी प्रमाणही भारतीय मर्यादेच्या आत होते. पण खाण्याच्या पानांत उन्हाळ्यात कॅडमियम मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि शिसे व निकेल तर दोन्ही ऋतूंत जास्त निघाले.

माती मर्यादेत असली तरी पान मर्यादेत असेलच असे नाही, हा त्याचा अर्थ. पालक धातू शोषून पानात साठवतो. असे पान ना पिवळे पडते, ना त्याला ठिपका येतो. ते धुऊन निघत नाही आणि शिजवूनही जात नाही. तो अभ्यास त्या जागांचा आणि त्या काळाचा होता. त्यावरून काशीची सगळी भाजी वाईट असे ठरवणे चूक होईल. आणि हे संकट एकट्या काशीचेही नाही. नाल्याच्या पाण्यावर भाजी पिकवणारी शेते आपल्याकडच्या शहरांभोवतीही दिसतात. तिथे गृहिणीने विचारायचा प्रश्न 'पान कसे आहे?' हा नसून 'पाणी कुठले आहे?' हा आहे.

फवारणीच्या औषधाचेही थोडे असेच. पानावर बसलेला अंश वाहत्या पाण्याने काही प्रमाणात निघतो. जे औषध झाडाच्या रसातून पानात भिनते ते मात्र धुऊन निघत नाही.

स्वयंपाकघरात काय करावे?

अळीच्या चार भोकांनी पान विषारी होत नाही. भोकाचा भाग काढून बाकीचे पान खुशाल वापरावे. सर्कोस्पोरा किंवा केवडा या वनस्पतींच्या बुरशी आहेत, त्या माणसाला रोग करीत नाहीत. एखाददुसरा ठिपका असेल तर तेवढा भाग तोडावा. पानभर डाग असतील तर पान टाकावे, कारण त्यात चव आणि सत्त्व दोन्ही उरत नाही. बुळबुळीत, कुजकट वास येणारे पान मात्र अजिबात ठेवू नये आणि त्याला चिकटलेली पानेही काढावीत.

जुडी सोडून पाने सुटी करावीत, मोठ्या भांड्यातल्या पाण्यात बुडवून माती खाली बसू द्यावी आणि पाने वर उचलून घ्यावीत. पाणी ओतून दिले तर खाली बसलेली माती पुन्हा पानांवरच येते. दोनतीनदा असे करून शेवटी वाहत्या पाण्याखाली धुवावे. चिरायचे ते धुतल्यानंतर. आणि रोज एकाच शेतातली एकच पालेभाजी खाण्याऐवजी मेथी, चाकवत, माठ, शेपू अशी आलटून पालटून खावी. एका भाजीतला दोष मग रोज पोटात जात नाही.

आता पुन्हा त्या मावशी-भाचीकडे येऊ. दुसऱ्या दिवशी त्या त्याच टोपलीपाशी उभ्या राहिल्या तर काय करतील? भोकाची जुडी पाहून भाची ती परत टाकणार नाही आणि मावशीही ती केवळ भोकासाठी घेणार नाही. पान उलटे करून पाहिले जाईल, मावा नाही ना याची खात्री होईल, लाल कडेचे ठिपके फार असतील तर दुसरी जुडी निवडली जाईल. आणि मग मावशी तो प्रश्न विचारील जो आजवर तिने कधी विचारला नव्हता.

"भैया, हा पालक कुठल्या शेतातला? तिथे पाणी कुठून येतं?"

उत्तर मिळेलच असे नाही. पण दहा गिऱ्हाइकांनी रोज हेच विचारले तर भाजीवाला बागवानाला विचारू लागेल. पानाची भाषा शिकलेल्या गिऱ्हाइकाचा उपयोग केवळ त्याच्या घरापुरता राहत नाही, तो असा शेताच्या बांधापर्यंत पोहोचतो.